ताम्हिणीचा घाट कोणत्या कोडात बसतो

एसटीत बसायला घाबरणाऱ्या माणसाला कोणता कोड लावायचा? मेडिकल कोडिंगमध्ये नव्यानं आलेल्या मुलामुलींना मी हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच घालते. ते कोडचं पुस्तक उघडतात, एफ ४० वर, म्हणजे भीतीच्या आजारांच्या गटावर, येऊन थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मग मी विचारते, तो नेमका कशाला घाबरतो?

घाटात खिडकीबाहेर दरी दिसली की हातपाय गळत असतील, तर एफ ४०.२४१, उंचीची भीती. पावसामुळे काचा बंद, माणसं दाटीवाटीनं उभी आणि त्यात श्वास कोंडत असेल, तर एफ ४०.२४०, बंद जागेची भीती. दरीचं काही वाटत नाही, काचांचंही नाही, पण मध्येच जीव घाबरा झाला तर उतरता येणार नाही, जवळ आपलं कुणी नसेल, ही धास्ती असेल आणि तीच धास्ती बाजारात, रांगेत, घराबाहेर एकटं पडल्यावरही गाठत असेल, तर तो अॅगोराफोबिया, एफ ४०.० मधला. चारचौघांत उलटी झाली तर लोक काय म्हणतील, म्हणून बस टाळत असेल, तर सोशल फोबिया, एफ ४०.१. त्याच रस्त्यावर कधी त्याची गाडी उलटली असेल आणि अजूनही तो रात्री दचकून उठत असेल, तर एफ ४० सोडून एफ ४३ कडे, म्हणजे आघातानंतरच्या त्रासांकडे, बघावं लागतं. आणि नुसतीच गाडी लागत असेल, तर तो शरीराच्या तोलाच्या यंत्रणेचा त्रास. त्याचा कोड मानसिक आजारांच्या प्रकरणात सापडणारच नाही.

बाहेरून बघणाऱ्याला या सगळ्यांत एकच गोष्ट दिसते, की माणूस बसमध्ये चढला नाही. उपचार मात्र प्रत्येकाचे वेगळे. म्हणून कोड हा माझ्या दृष्टीनं नुसता बिलाचा आकडा राहत नाही. नेमकं विचारलं गेलं का आणि विचारलेलं लिहिलं गेलं का, हे त्या आकड्यावरून कळतं.

मी कासार आंबोलीत राहते. पुण्याहून चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट करत जो रस्ता पौडकडे आणि पुढे मुळशी धरणाच्या कडेनं ताम्हिणीत उतरतो, त्याच रस्त्यावरचं हे गाव. कोविडनंतर आमच्या टीमला घरून काम करायची मुभा मिळाली आणि चांदणी चौकातली रोजची कोंडी माझ्यापुरती संपली. काम अमेरिकेतल्या दवाखान्यांचं. तिथला डॉक्टर किंवा मानसतज्ज्ञ रुग्णाला तपासतो, नोंद लिहितो. ती नोंद, म्हणजे आमच्या भाषेत चार्ट, आमच्या स्क्रीनवर येते. आम्ही ती वाचून आजाराचा आणि उपचाराचा कोड लावतो आणि त्यावर विमा कंपनी पैसे द्यायचे की नाही ते ठरवते. माझ्याकडे मानसिक आरोग्याचे चार्ट येतात. त्यातल्या एकाही माणसाबद्दल मी इथे लिहिणार नाही, तसं करायची परवानगी नाही आणि करूही नये. पण त्या नोंदी कशा असतात, हे सांगता येतं.

या कामाचा पहिला नियम असा की कोडरनं निदान करायचं नाही. चार्टमध्ये लिहिलंय तेवढंच खरं. माणूस दहाव्या मजल्यावर रोज जिन्यानं चढतो, लिफ्टचं दार बंद होताना घामाघूम होतो, हे सगळं वाचून मला कितीही खात्री वाटली, तरी डॉक्टरांनी निदान लिहिलेलं नसेल तर मी ते लिहायचं नाही. ओपीडीच्या नोंदीत ‘बहुधा क्लॉस्ट्रोफोबिया’ असं असेल तरीही नाही. तिथे ‘बहुधा’, ‘शक्यता’, ‘संशय’ असे शब्द आले की आजाराचा कोड न लावता लक्षणांचा लावायचा, असा अमेरिकेतला लेखी नियम आहे. शंका असेल तर डॉक्टरांना क्वेरी टाकायची. तीही अशी की उत्तर आपण त्यांच्या तोंडात घालता कामा नये. ‘हा क्लॉस्ट्रोफोबियाच ना?’ असं विचारणं चालत नाही. ‘लिफ्टबाबतच्या लक्षणांचं तुमचं निदान कृपया स्पष्ट करा’ असं विचारायचं.

सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटायचा. आता वाटतं, दुसऱ्याच्या भीतीला आपण परस्पर नाव देऊ नये, ही शिस्त घरीदारीही उपयोगी पडते. गावात तर फारच.

नोंदी दोन तऱ्हेच्या येतात. पहिलीत एक ओळ असते: लिफ्टची भीती, समुपदेशन केलं. यातून काहीच हाती लागत नाही. दुसरी वाचताना माणूस समोर उभा राहतो. किती वर्षांपासून आहे, लिफ्ट दिसताच दर वेळी होतं की कधीतरी, बंद दाराची भीती आहे की दोर तुटण्याची, की आत अडकल्यावर आपल्याला काहीतरी होईल याची. तो लिफ्ट पूर्ण टाळतो की दात आवळून जातो. इतर बंद जागांत काय होतं, अचानक काही कारण नसताना असे झटके येतात का. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या ग्रंथात याच्या कसोट्या दिल्या आहेत: भीती जवळजवळ दर वेळी आणि लगेच यायला हवी, खऱ्या धोक्याच्या मानानं ती फार जास्त हवी, साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकलेली हवी, आणि तिच्यामुळे जगण्यात ठळक त्रास किंवा अडथळा यायला हवा.

माझी नजर शेवटच्या कसोटीवर जाते. चांगली नोंद लिहिणारा डॉक्टर भीतीपायी माणसानं काय सोडलं, ते लिहितो. बढती नाकारली, कारण नवं ऑफिस वरच्या मजल्यावर. आई दवाखान्यात असताना तिच्या वॉर्डपर्यंत जाता आलं नाही. घाम, धडधड, अंधारी या गोष्टी सगळ्यांच्या सारख्याच असतात. सोडलेल्या गोष्टी मात्र ज्याच्या त्याच्या असतात, आणि उपचार कुठून सुरू करायचे ते तिथेच कळतं. शिवाय टाळत राहिल्यानंच ही भीती टिकते. लिफ्ट टाळली की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेपायी पुढच्या वेळी टाळणं आणखी सोपं होतं. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली मांडलेली पायरीपायरीनं भीतीजवळ जाण्याची पद्धत, आणि स्वीडनच्या लार्स-योरान ओस्ट यांनी १९८९ साली मांडलेली, जास्तीत जास्त तीन तासांच्या एकाच बैठकीत करायची पद्धत, दोन्ही टाळण्याची ही सवयच मोडतात. पायऱ्या आखायच्या तर माणूस काय काय टाळतो याची यादी आधी हवी.

आता कोडच्या पुस्तकाबद्दल. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची, त्यांची स्वतःची सविस्तर आवृत्ती वापरात आहे. तिच्यात प्रसंगांशी जोडलेल्या भीतींसाठी एफ ४०.२४ हा गट आहे. बंद जागा २४०, उंची २४१, पूल २४२, विमानप्रवास २४३ आणि बाकी सगळं २४८. डीएसएमचं वर्गीकरण मात्र उंचीला निसर्गातल्या भीतींत, वादळ आणि पाणी यांच्या शेजारी बसवतं. म्हणजे दोन्ही पुस्तकं एकाच माणसाला वेगवेगळ्या रांगेत उभं करतात. नव्या कोडरचा इथे हमखास गोंधळ उडतो, कारण डॉक्टर डीएसएम वाचून लिहितो आणि आम्हाला आयसीडीनं लावायचं असतं.

पुलाला स्वतंत्र कोड का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मग मेरीलँडच्या चेसापीक बे ब्रिजबद्दल वाचलं. तो जवळपास ७ किलोमीटर लांब आणि पाण्यापासून खूप उंच आहे. ज्यांना तो ओलांडणं जमत नाही अशा चालकांना पैसे घेऊन त्यांच्याच गाडीतून पलीकडे नेऊन सोडणारी माणसं तिथे आहेत. मिशिगनमधल्या मॅकिनॉ पुलावर तर पुलाचे कर्मचारीच तुमची गाडी चालवून देतात. जिथे माणसांचं रोजचं येणंजाणं अशा पुलांवरून आणि विमानांतून होतं, तिथल्या पुस्तकात पूल आणि विमान येणारच. आमच्या रस्त्यावर घाट आहे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, वळणावर समोरून येणारा ट्रक आणि जून ते सप्टेंबर दहा हातांवरचंही न दिसू देणारं धुकं. त्याला कोड नाही. दरीचं भय असेल तर तो उंचीत जाईल, नाहीतर २४८ मध्ये, ‘इतर’ म्हणून. ‘इतर’ हा कोड लावताना मी नोंद जरा जास्तच लक्ष देऊन वाचते. आकडा काहीच सांगत नसतो, तिथे सगळी मदार शब्दांवर असते.

‘खऱ्या धोक्याच्या मानानं’ ही कसोटी तर आपल्याकडे फार जपून वापरायला हवी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसकट वाहून गेल्या. ताम्हिणी उतरून माणगाव, महाडकडे जाणारे आमच्या भागातले कितीतरी लोक त्याच रस्त्याचे. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल माणसांसकट खाली आला. यानंतर पावसाळ्यात जुन्या पुलापाशी गाडी थांबवून पाण्याकडे बघणाऱ्या माणसाला फोबिया आहे असं कुणी लिहिलं, तर ते चूक ठरेल. डीएसएमनं म्हणूनच परिसर आणि समाज लक्षात घ्यायला सांगितलं आहे. पण तोच माणूस उन्हाळ्यात, कोरड्या नदीवरच्या नव्या रुंद पुलावरही गाडी घालेनासा झाला, मुलीला परीक्षेला सोडायला नाही म्हणाला, तर मात्र विचारायला हवं. कुठला पूल, कुठल्या ऋतूत, कुणाबरोबर असताना: हे तपशील नोंदीत नसतील, तर शहाणपणाची सावधगिरी आणि आजार कागदावर सारखेच दिसतात.

या कामामुळे मला माझ्या गावातली माणसं वेगळी दिसायला लागली. एक तरुण हिंजवडीत नोकरीला लागला, आठव्या मजल्यावर पायी चढतो आणि व्यायाम होतो म्हणतो. होतही असेल. मी त्याला काही विचारलेलं नाही, कारण त्यानं काही विचारलेलं नाही.

नात्यातल्या एका काकूंचं मात्र वेगळं झालं. कंबरेच्या दुखण्यासाठी एमआरआय सांगितला होता. नळीत अर्ध्या गेल्या आणि ओरडत बाहेर आल्या. त्या ठिकाणी कागदावर लिहिलं गेलं, ‘पेशंटनं सहकार्य केलं नाही’. पुढे जिथे जिथे तो कागद गेला, तिथे तिथे त्या हट्टी, तापट बाई ठरल्या. दोन मुलगे त्यांच्यावर चिडले. कंबर दुखतच राहिली. मला या वाक्याचा राग आला, अजूनही येतो. एमआरआयच्या यंत्रात घाबरणारी माणसं जगभर आहेत, त्यात विशेष काही नाही. पण ‘सहकार्य केलं नाही’ म्हटलं की दोष माणसाच्या स्वभावावर जातो आणि पुढच्या डॉक्टरला विचारण्यासारखं काही उरत नाही.

मी त्यांच्याकडे बसले आणि त्यांनी सांगितलं तसं, त्यांच्याच शब्दांत, एका कागदावर लिहून घेतलं. लहानपणी धान्याच्या कणगीत लपल्या असताना झाकण बसलं होतं. तेव्हापासून न्हाणीघराचं दार त्या कडी न लावता लोटून घेतात. डोक्यावरून पांघरूण चालत नाही. लग्नानंतर सासरी खिडकी नसलेली खोली मिळाली तेव्हा उन्हाळा असो की थंडी, ओसरीवर निजल्या. घरातल्या कुणालाही यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि सगळ्यांनी ते रोज पाहिलेलं होतं. निदान म्हणून मी एक शब्द लिहिला नाही. तो कागद दुसऱ्या डॉक्टरांनी वाचला, काकूंना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि एमआरआयच्या तंत्रज्ञाला आधी कळवलं. दुसऱ्या खेपेला त्यांना आधी नुसतं यंत्र दाखवलं, पाय आधी आत जातील असं झोपवलं, हातात दाबायची घंटी दिली, आणि अंगावरचं सगळं धातूचं काढून सून आत त्यांच्या पायाशी उभी राहिली. तपासणी पूर्ण झाली.

तेव्हापासून गावात लोक माझ्याकडे ‘लिहून घ्यायला’ येतात. मी डॉक्टर नाही हे दर वेळी सांगते आणि मगच वही उघडते. चक्कर, बीपी, गॅस, ‘बाहेरचं काहीतरी’ यांखाली आपल्याकडे भीती झाकलेली असते, हे तिथे कळतं. बायकांच्या बाबतीत तर ‘गाडी लागते’ हे एक वाक्य पुरतं, त्यापुढे कुणी काही विचारत नाही.

आमच्या आळीतल्या एका सुनेला अशीच गाडी लागायची. माहेर घाटाखाली, रायगड जिल्ह्यात. प्रवास काही तासांचा. पण गौरी-गणपतीला जाणं आधी कमी झालं, मग बंद झालं. ओवा, लिंबू, अॅव्होमिनच्या गोळ्या, सगळं करून झालं होतं. तिचे वडील वारले तेव्हा ती पोचली, ती पनवेलमार्गे मोठा वळसा घालून आणि उशिरा. हे सांगताना ती रडली नाही, पण मधे बराच वेळ बोलली नाही. मी तिला विचारलं, पुण्याला जाताना गाडी लागते का? नाही. त्या वळशाच्या रस्त्यालाही घाट होता, तिथे? तिथे रस्ता रुंद, कड दिसत नव्हती, काही झालं नाही. मग ताम्हिणीत कधी सुरू होतं? घाट यायच्या कितीतरी आधी, म्हणाली, मुळशीच्या धरणाचं पाणी दिसलं की तळहात ओले होतात. गाडीत कुठे बसतेस? डोंगराच्या बाजूला, ओढणी डोळ्यांवर घेऊन. मळमळ शेवटी येते, आधी धडधड आणि ‘आता गाडी जाणार’ हे चित्र.

मी हे सगळं जसंच्या तसं लिहून दिलं. पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी तो कागद पुढे ठेवून तिला आणखी बरंच विचारलं. लग्नाआधी कधी अपघात पाहिला होता का, गर्दीत असं होतं का, घरात एकटी असताना होतं का. मग निदान केलं आणि तिला मानसतज्ज्ञांकडे पाठवलं. तिच्या फाइलवर जो कोड आला तो एफ ४०.२, एवढाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये त्याच्यापुढे आकडेच नाहीत. उंची, पूल, कुत्रा, इंजेक्शन, सगळं त्या एका घरात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्येही सगळ्यांना मिळून एकच कोड आहे, ६बी०३. दिवसभर सहा अंकी नेमकेपणात काम करणाऱ्या मला ते आधी फार तोकडं वाटलं. पण कोडशेजारी मानसतज्ज्ञांनी चार ओळी लिहिल्या होत्या: दरीकडची बाजू, अरुंद वळणं, धुकं, माहेर सुटलं आहे. त्या चार ओळींत सगळं होतं.

या उपचारांसाठी जी फी लागते ती घरातूनच भरावी लागते, हेही सांगायला हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांसारखाच विमा द्यायला सांगितलं, आणि आजार ठरवताना आयसीडीसारखे मान्य निकष वापरायलाही सांगितलं. पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचा खर्च देतात, आणि घाटाच्या भीतीसाठी कुणी भरती होत नाही. ज्यांना पुण्यापर्यंत जाणं जमत नाही त्यांना मी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक देते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सरकारी सेवा फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सुनेचे उपचार चालू आहेत. आधी घाटाचे फोटो, मग मोबाइलवर कुणीतरी पुढच्या काचेतून काढलेला व्हिडिओ, मग पौडपर्यंत, मग धरणाच्या काठापर्यंत. नवरा गाडी चालवतो. भीती चढलेली असताना मागे फिरायचं नाही, गाडी बाजूला सुरक्षित लावून भीती ओसरेपर्यंत थांबायचं, एवढा एक नियम त्याला दिला आहे. प्रगती सरळ रेषेत नाही. एका रविवारी ती पहिल्या मोठ्या वळणापर्यंत गेली, पुढच्या खेपेला पाऊस लागला आणि पौडच्या पुढे गेली नाही. सासूबाईंना हे सगळं पेट्रोलची नासाडी वाटायचं. आता त्या मागच्या सीटवर बसून बरोबर जातात.

दर खेपेला भीतीचा आकडा लिहायचा असतो, शून्य ते शंभर. ही मोजपट्टीही वोल्पे यांचीच. आता वही ती स्वतःच लिहिते. परवा तिनं मला वाचून दाखवलं: निघताना ७०, वळणावर ९०, थांबल्यावर अर्ध्या तासानं ५५. हे मानसतज्ज्ञांना फोनवर कळवलं तर चालेल का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, वहीच घेऊन जा, आणि त्या दिवशी धुकं होतं की नव्हतं तेही लिही.